भरताच्या वांग्यावरचा खोटा आळ

थंडी पडली, शेतात भरीत पार्ट्या सुरू झाल्या की आमच्या जळगावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. ‘मुतखडा टाळायचा तर वांगी-टोमॅटो सोडा, बिया किडनीत साठतात. दूध-दही बंद करा, त्यातल्या कॅल्शियमचाच खडा होतो. बोअरचं पाणी पिऊ नका. खडा झालाच तर बिअर प्या, वाहून जाईल.’ यंदा तो आमच्या आप्पांनी वाचला आणि तुराट्यांवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्यांचं भरीत न चाखताच परत केलं. म्हणून हे लिहायला बसलो.

बियांचं आधी संपवू. किडनीत अन्न जात नाही, रक्त जातं. वांग्याची बी आतड्यातून रक्तात शिरूच शकत नाही. न पचलेली बी सकाळी संडासवाटे निघून जाते. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणजे कॅल्शियम आणि भाज्यांत असणारं ऑक्झलेट हे द्रव्य जुळून झालेले असतात हे खरं, पण मग ऑक्झलेट कशात आहे ते तरी बघा. 100 ग्रॅम टोमॅटोत ते जेमतेम 5 मिलिग्रॅमच्या आसपास, पालकात काही शे मिलिग्रॅम. पालक, माठ, बीट, तीळ यांचं मेसेजमध्ये नावही नाही. गरीब बिचारं वांगं मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात!

दूध-दह्याचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो पटकन पटतो. खड्यात कॅल्शियम, दुधात कॅल्शियम, झालं. प्रत्यक्षात जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि विष्ठेवाटे बाहेर नेतं. कॅल्शियम तोडलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर 5 वर्षं चाललेला एक प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला कमी कॅल्शियमचा आहार. दुसऱ्याला कॅल्शियम नेहमीएवढं, पण मीठ आणि मांस कमी. पुन्हा खडा होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटात जवळपास निम्मं निघालं. तेव्हा पालकाच्या भाजीबरोबर वाटीभर दही खा, बिनधास्त. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि त्या प्रयोगातलं मीठ विसरू नका. किडनी जास्तीचं सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही लघवीत जातं. आता आप्पांचं ताट बघा: भरीत परत गेलं, पण उडदाचे दोन पापड, कैरीचं लोणचं, तिखट शेव, ठेचा हे सगळं जागच्या जागी. लिंबू सरबत ते मुद्दाम पितात. लिंबातलं सायट्रेट खड्याला अडवतं, चांगलंच आहे, पण त्यात चमचाभर मीठ कशाला, भो?

बोअरचं पाणी. हिटरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, तशीच किडनीतही चढत असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण ती पुटं पाणी तापल्यावर बसलेल्या कार्बोनेटची; किडनीतला खडा बहुतेकदा ऑक्झलेटचा. जड पाणी आणि मुतखडा यांचा पक्का संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. आमच्याकडे खरी अडचण पाणी कमी पिण्याची. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या आसपास असतो. केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याचं पाणी घामातच जातं, लघवी गडद पिवळी आणि दाट होते, आणि दाट लघवीतच स्फटिक धरतात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी; त्यासाठी किती प्यायचं ते ऊन आणि काम ठरवतं. रात्री झोपतानाही एक ग्लास. (किडनी किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी हे माप आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावं.)

राहिली बिअर. तिने लघवी वाढते, एवढंच खरं. पण दारूने शरीर कोरडं पडतं, युरिक ॲसिड वाढतं, आणि तेही खडे करतं. 5 मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपसूक पडतात, मग श्रेय बाटलीला! मोठा खडा नळीत अडकून बसला असेल तर वरून लोटलेल्या लघवीने कळ वाढेल, खडा हलेलच असं नाही. आणि कमरेतल्या कळेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच थांबली, तर बाटली, काढा, मेसेज सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री दवाखाना गाठा.