वरचा थर, खालचा थर

कोपऱ्यावरच्या हातगाडीवर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली होती. पाव किलोच्या नावाखाली दोनशे ग्रॅम भरणारे ते पारदर्शक डबे. मी त्यातला एक उचलला, एवढंच. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "तो नका घेऊ."

बघतो तर पांढरे बूट, डोक्यावर चढवलेला गॉगल आणि काखेत कापडी पिशवी अशा एक काकू. ओळख ना पाळख.

"का हो?"

"उलटा करा."

"कोणाला?"

"डब्याला हो!"

मी केला. "बघा, देठाशी पांढरं आहे. आंब्यासारखं हे अढीत घालून पिकत नाही. तोडलं की संपलं, पांढरं ते पांढरंच राहणार." हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मग त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, झाकण उघडलं, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. गाडीवाला पोरगाही हात थांबवून निकालाची वाट बघत उभा. "वास नाही. देठाची पानं कोमेजलीत. बुडाला रस सुटलाय. आमच्या व्याह्यांची शेती आहे भिलारला, मला नका सांगू." मी काहीच सांगत नव्हतो. भिलार म्हणजे ते पुस्तकांचं गाव, पण काकूंचं शिक्षण थेट गादीवाफ्यावर झालेलं दिसत होतं.

मागे रांग लागली. एका आजोबांनी चष्मा काढून पोराला विचारलं, "जात कुठली, विंटर डॉन का स्वीट चार्ली रे?"

"महाबळेश्वर," पोरगा म्हणाला.

मी निमूटपणे दुसरा डबा घेतला, पूर्ण पैसे दिले. वळून बघतो तर काकू मी ठेवलेला डबा पिशवीत टाकतायत. "पांढरा आहे, वीस रुपये कमी कर." त्याने केले! वर "घ्या ताई" म्हणाला. माझ्याकडे सुटे मागताना मी 'काका' होतो. काकू माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असतील.

आंब्याच्या बाबतीत कोणी अक्कल शिकवली तर मी ऐकून घेतो, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा अधिकार असतो. पण साहेबाने थंड हवेच्या डोंगरावर आणून लावलेल्या फळात आपल्यापैकी कोणाची आजी तज्ज्ञ होती? २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या अनुभवानुसार ते फक्त वरच्या थराला आहे. घरी डबा उघडला तर वर लालबुंद, टपोरी नऊ फळं आणि खाली बोराएवढी, पोपटी गालांची जनता. पैसे मात्र दोन्ही थरांचे सारखे. याबद्दल कुठे तक्रार करायची ते कोणी सांगत नाही, वास कसा घ्यायचा ते सगळे सांगतात.

पुढचं काम आईने केलं. करोनापासून आमच्या दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाते. मी बूट काढेपर्यंत स्ट्रॉबेरी देठं खुडून, नळाखाली धरून, स्टीलच्या डब्यात घट्ट बंद झाली होती. ही धुवायची ती खायच्या वेळी, तीही देठासकट. नाहीतर पाणी आत शिरतं. तोवर पसरट डब्यात कागद अंथरून, एकाच थरात, कोरडी ठेवायची. हे मी आईला सांगितलं. "न धुता फ्रीजमध्ये?" एवढंच ती म्हणाली, पण त्या सुरात माझं अख्खं संगोपन वाया गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या फळाला पांढरी लव फुटली होती आणि शेजारच्या दोघांनाही लागण झाली होती. ती फेकली. उरलेल्यातली चांगली फळं अर्धा तास बाहेर काढून ठेवली, कारण गारढोण स्ट्रॉबेरीला चवच नसते, आणि लेकीपुढे कापून ठेवली. तिने एक फोड खाल्ली. "आइस्क्रीममधली लागते तशी नाही लागत." गुलाबी इसेन्सवर वाढलेल्या पिढीला खऱ्या फळात खोट निघणारच.

उरलेल्याचा साखर आणि चार थेंब लिंबू घालून मुरांबा आटवला. निघाला अर्धी वाटी. आईने पोळीला लावून खाल्ला, बोट चाटलं आणि म्हणाली, "आवळ्याचा केला असतास तर वर्षभर पुरला असता."