युतीला शिव्या घालू नका, तोंडी युतीला घाला

गेले काही महिने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच रडगाणं चाललंय, की युती-आघाडी म्हणजे सगळी खिचडी, एकाच पक्षाला काय ते बहुमत द्या आणि सुटा एकदाचे. बोलणारे सगळे ओळखीचेच. काही वाडीतले, काही मुंबईला कायमचे राहणारे आणि गणपतीत येऊन गावाला अक्कल शिकवून जाणारे (प्रेमानेच म्हणतोय, माझा सख्खा भाऊ त्यातच आहे). ग्रुपवर चार ओळीत उत्तर दिलं की भांडण होतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांब होणार, ज्याला रील बघायचंय त्याने खुशाल जावं.

पहिली गोष्ट, देशात कोणीही आघाडी सरकारला नावं ठेवो, आपण कोकणातल्या लोकांनी तरी ठेवू नयेत. आपल्या दारातून जी रेल्वे जाते ना, ती आघाडी सरकारने दिलेली आहे.

मधू दंडवते राजापूरमधून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले. ७७ च्या जनता सरकारात रेल्वेमंत्री होते, सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर दोन इंचाचा फोम आला तो त्यांच्यामुळे, आणि जनता पक्ष म्हणजे तरी काय, चार-पाच पक्षांची बांधलेली मोटच. मग १९८४. इंदिराबाई गेल्यानंतरची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा, एका पक्षाला एवढं मोठं बहुमत या देशात ना आधी मिळालं ना नंतर. त्या अख्ख्या बहुमताच्या काळात आपल्याला काय मिळालं तर रोह्यापर्यंत रूळ. तळकोकण तिथेच, एसटीच्या खिडकीत ओकाऱ्या काढत. १९८९ ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, एका बाजूने भाजपचा टेकू, दुसऱ्या बाजूने डाव्यांचा, आजच्या भाषेत खिचडीचीही खिचडी. त्यात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. हे सरकार पुरतं वर्षभरसुद्धा टिकलं नाही, डिसेंबर ८९ ते नोव्हेंबर ९०, संपलं. पण मधल्या जुलैत कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन करून मोकळे झाले.

आता त्या कंपनीची रचना बघा, मला ही गोष्ट भयंकर आवडते. ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, २२ महाराष्ट्राचं, १५ कर्नाटकचं, ६ गोव्याचं, ६ केरळचं. त्यावेळी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात काँग्रेस, केरळात डावे, गोव्यात काँग्रेस फुटून झालेलं आघाडी सरकार, आणि दिल्लीत काँग्रेसला पाडून आलेले. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एका कंपनीचे भागीदार! नंतर दिल्लीत चंद्रशेखर आले, नरसिंह राव आले, वाजपेयी तेरा दिवस येऊन गेले, देवेगौडा येऊन गेले, आणि गुजराल असताना २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर मार्ग सुरू झाला. दंडवते स्वतः ९१ लाच पडले होते, ते आपलंच कर्तृत्व, त्याबद्दल आज बोलत नाही. कंपनीचे प्रमुख श्रीधरनसाहेबांचं काम, भूसंपादनात जमिनी देणारे लोक, बोगद्यात जीव गेलेले कामगार, हे सगळं आहेच, पण एवढी सरकारं बदलून कंपनी बुडाली नाही याचं एक कारण साधं आहे. कोणाचा हिस्सा किती हे कागदावर होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. भांडण युतीशी नाही, तोंडी युतीशी आहे.

आपल्याकडे आंब्याची कलमं कराराने देताना सख्खे चुलतेसुद्धा कागद करतात. झाडं किती, फवारणी कोणाची, राखण कोणाची, पैसे हंगामाआधी किती आणि नंतर किती. आणि बारा-तेरा कोटी लोकांचं राज्य चालवायचं तर म्हणे "आमचं ठरलंय".

२०१९ च्या फेब्रुवारीतली ती पत्रकार परिषद आठवा, शहा, ठाकरे, फडणवीस एका टेबलावर. लोकसभेचं वाटप आकड्यात सांगितलं, भाजप २५, सेना २३. त्याच टेबलावर नाणारचंही जाहीर झालं, की जिथे लोकांचा विरोध तिथे रिफायनरी होणार नाही, आणि मार्चमध्ये अधिसूचना रद्द झालीसुद्धा. सगळ्यांच्या समोर जे बोलले ते महिन्याभरात केलंनी. आणि बंद दाराआड जे काय ठरलं किंवा नाही ठरलं, मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षं की नाही, एक म्हणतो शब्द दिला होता, दुसरा म्हणतो दिलाच नव्हता, त्यावरून भाजपचे १०५ आणि सेनेचे ५६ मिळून १६१ आमदार, बहुमताला १४५ लागतात, सगळं मुसळ केरात. पहाटेचा शपथविधी, मग महाविकास आघाडी, मग सुरत-गुवाहाटी, मग दोन सेना, दोन राष्ट्रवादी, धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचं, अध्यक्षांचा निकाल, सुप्रीम कोर्ट. पाच वर्षांचा हा सगळा तमाशा ज्या एका वाक्यावरून झाला ते वाक्य कुठे लिहिलेलंच नाही. आजही कोणालाच सिद्ध करता येत नाही. बरोबर कोण ते मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर मला त्यात रसही नाही.

उलट महाविकास आघाडीने शपथेआधी किमान समान कार्यक्रम छापला होता. त्यात दहा रुपयात जेवण होतं. दोन महिन्यात शिवभोजन सुरू झालं. बारसूची रिफायनरी त्यात नव्हती. मग नाणारला विरोध केलेल्याच सेनेच्या मुख्यमंत्र्याचं पत्र जानेवारी २०२२ ला दिल्लीला जातं की बारसूला जागा आहे, आणि २०२३ ला तेच उद्धव ठाकरे विरोधात असताना बारसूच्या लोकांना भेटायला येतात. तोपर्यंत सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षण अडवणाऱ्या बायामाणसांवर अश्रुधूर सोडून झाला होता. रिफायनरी हवी की नको यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत. पण बाबांनो, एकदा काय ते लिहून द्या, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, म्हणजे माणूस कलमं लावायची की नाही ते तरी ठरवेल!

दिल्लीतही हेच. २००४ ला यूपीएचा किमान समान कार्यक्रम होता, डावे बाहेरून पाठिंबा देऊन त्याच्यावर डोळा ठेवून बसलेले. रोजगार हमी आणि माहितीचा अधिकार दोन्ही कायदे २००५ ला झाले. अमेरिकेशी अणुकरार त्या कागदात नव्हता, तो पुढे रेटला आणि २००८ ला डाव्यांनी पाठिंबा काढला. त्या कराराने परदेशी अणुभट्ट्यांचा रस्ता मोकळा झाला आणि तो रस्ता कुठे आला, तर आपल्या माडबनच्या सड्यावर, जैतापूरला. ९९०० मेगावॅट म्हणे. जमिनी गेल्या, गोळीबार झाला, अणुभट्टीचा अजून पत्ता नाही.

कोणी म्हणेल, जाहीरनामे काय कमी छापतात? छापतात ना, ग्लॉसी पेपरवर. पण जाहीरनामा आणि करार यात फरक आहे. जाहीरनामा मोडला तर तुम्ही-मी पाच वर्षं फेसबुकवर पोस्ट लिहिण्यापलीकडे काही करू शकत नाही. दोन पक्षांमधला करार मोडला तर दुसरा पक्ष दुसऱ्या दिवशी टेकू काढू शकतो. ज्याच्या हातात रोज सरकार पाडायची ताकद आहे तोच आपला वसुली अधिकारी, फक्त वसूल काय करायचं ते त्याच्या हातात लेखी पाहिजे आणि त्याची एक कॉपी आपल्याकडे पाहिजे.

लेखीची ताकद बघायची असेल तर एन्रॉन बघा, अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायचा होता. सेना-भाजप युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला, टाळ्या. जानेवारी ९६ पर्यंत वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प नव्याने मंजूर. मे ९६ ला वाजपेयींचं ते तेरा दिवसांचं सरकार, ज्याच्याकडे बहुमतच नव्हतं, त्याने जाता जाता केंद्राची प्रतिहमी मंजूर केली. का? कारण कंपनीने सगळं लिहून घेतलं होतं. वीज मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, राज्याने थकवले तर केंद्राची. आपल्याकडे काय होतं, तर भाषण. दाभोळच्या खाडीपलीकडे अंजनवेलला जाऊन बघा, समुद्रात काही बुडालेलं नाही, २००१ ला बंद पडला तो पैशावरून.

आता कायदा बघा. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, आधी पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ ला ते काढलं, आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं. मंत्रीही एकूण आमदारांच्या १५ टक्क्यांच्या वर नकोत, म्हणून आपल्याकडे जास्तीत जास्त ४३. सगळं ठीक. पण कायद्याला पक्ष दिसतो, युती दिसत नाही. निवडणुकीआधी युती म्हणून मतं घ्या आणि नंतर दुसऱ्याच्या मांडीवर बसा, कायदा काही म्हणत नाही. राज्यपालांनी निवडणूकपूर्व युतीला आधी बोलवावं असं केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सुचवलंय, म्हणजे राजभवनात युतीला मान आहे, मग निदान नोंद तरी नको का तिची? निवडणूक आयोगाकडे उमेदवाराची भांडीकुंडी लिहून द्यावी लागतात, युतीची अट एकही नाही.

त्यामुळे होतं काय की युतीत भांडण कामावरून होतच नाही, खुर्चीवरून होतं. खाली जिल्ह्यात या, १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी आली, रायगड राष्ट्रवादीच्या अदिती तटकरेंना. शिंदे सेनेच्या भरत गोगावल्यांचे समर्थक रात्रीच हायवेवर, टायर जाळले, दुसऱ्या दिवशी नेमणुकीला स्थगिती. पालकमंत्री एवढा का लागतो ते सांगतो, जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तो असतो, वार्षिक निधी कोणत्या तालुक्यात किती जाणार ते त्याच्या सहीने. आणि गंमत बघा, कोणत्या हायवेवर टायर जाळले? मुंबई-गोवा! पळस्पे ते इंदापूरचं काम २०११ ला सुरू झालेलं. तेव्हापासून काँग्रेस-राष्ट्रवादी झाले, भाजप-सेना झाले, महाविकास आघाडी झाली, महायुती झाली, जेवढी कॉम्बिनेशन शक्य आहेत तेवढी सगळी बसून झाली आणि माणगावला गाडी अजून तिथेच उभी. त्या रस्त्यासाठी कुठल्या मित्रपक्षाने कधी टेकू काढीन म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आमच्या सिंधुदुर्गात तर विचारूच नका. खासदार नारायण राणे भाजपचे, धाकटे चिरंजीव भाजपचे आमदार आणि मंत्री, थोरले शिंदे सेनेचे आमदार, कारण कुडाळची जागा वाटपात सेनेला होती. याच राणेसाहेबांना २०१४ ला कुडाळात पाडलं ते सेनेच्याच वैभव नाईकांनी, आणि २०२४ ला थोरल्या राण्यांनी धनुष्यबाण घेऊन त्याच नाईकांना पाडलं. घराणी तीच, निशाण्या तेवढ्या फिरल्या. याचा खरा त्रास कार्यकर्त्याला. आमच्या बाजारातला फ्लेक्सवाला कॉम्प्युटरवर एक फाईल उघडीच ठेवतो, वर नेत्यांच्या गोल फोटोंची रांग, मध्ये वाढदिवसवाला, खाली "शुभेच्छुक". ऑर्डर आली की पहिला प्रश्न, "वर कोण कोण घालायचे?" एकदा माझ्यासमोर एका पोराने साहेबांचा फोटो काढायला सांगितला, मग बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केलान, परत येऊन म्हणाला असूदे, पण जरा बारीक कर. शेजारी एक म्हातारे गृहस्थ लॅमिनेशनला बसलेले, त्यांना मी सहज विचारलं तुमचा पक्ष कुठला सध्या. म्हणाले, "माका नको इचारू, ह्या फ्लेक्सवाल्याक इचार, तेकाच ठावक."

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात, आणि मला तिथेच जास्त प्रामाणिकपणा दिसतो. दोन वाड्या एकत्र येताना आधी ठरतं, पाण्याची टाकी पहिली वरच्या वाडीला, मग पाखाडी (पायऱ्यांची वाट) खालच्या वाडीला, आणि ते ठरवताना देवळात पन्नास माणसं बसलेली असतात. नंतर सरपंच पलटला तर त्याला पन्नास घरं तोंडावर विचारतात. लेखी नसलं तरी साक्षीदार आहेत.

तर ग्रुपवरच्या मंडळींनो, एका पक्षाचं बहुमत वगैरे सोडा, २०२४ ला दिल्लीत भाजपचं २४० वर अडलं आणि आंध्र-बिहारने आपापल्या मागण्या बजेटात बसवून घेतल्या, ते शहाणे. आपण जिल्ह्यापुरतं तीनच गोष्टींवर लिहून मागायचं, हायवे, रिफायनरी, आणि पालकमंत्री भांडले तर नियोजनाचा पैसा अडणार नाही याची हमी. मत मागायला एकटा उमेदवार आला तर सांगायचं मित्रपक्षाच्या तालुकाध्यक्षालाही घेऊन ये, दोघांच्या सह्या पाहिजेत.

कोणाकडे आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही दोन पक्षांनी मिळून सही केलेला असा एखादा कागद असेल तर खाली फोटो टाका, भाषणाचे व्हिडिओ नकोत. आणि मी कुठल्या पक्षाचा हे विचारायला इनबॉक्समध्ये येणाऱ्यांनी आधी वरची पोस्ट पूर्ण वाचावी.