उजव्या सोंडेची बॅटरी

रविवारी सकाळी चिंचवडला लग्नाला निघायचं म्हणून किल्ली फिरवली, तर गाडी ‘टक टक टक’ एवढंच बोलली. पैठणी सावरत बायको म्हणाली, “दिवे तर लागतायत की!” दिव्यांचं काय, ते मरणपंथाला लागलेल्या बॅटरीवरही लागतात. सेल्फ मारायला मात्र क्षणभर शेकडो अँपिअर लागतात, आणि आमची बॅटरी साडेचार पुणेरी उन्हाळे खाऊन बसली होती.

बॉनेट उघडलं. सोसायटीत बॉनेट उघडणं म्हणजे सत्यनारायणाचं आमंत्रण देणं. बोलवावं लागत नाही, लोक येतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका बनियनवर मल्टिमीटर घेऊन आले. आकडा आला 12.0.

“बारा व्होल्टच्या बॅटरीत बरोब्बर बारा! म्हणजे ठणठणीत,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे गणितात नापास झालेल्या पुतण्याकडे पाहावं तसं पाहिलं. आत सहा सेल असतात, भरलेली बॅटरी 12.6 दाखवते आणि 12 म्हणजे जेमतेम पाव उरली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते बायकोसाठी होतं. ती रिक्षाने गेली.

मग चर्चासत्र. एक्साइड की अमरॉन यावर दोन तट पडले. वॉरंटीवरही पडले. 18+18 म्हणजे पहिले 18 महिने माहेरपण, बिघडली तर नवी फुकट. पुढचे 18 महिने सासर, जितकी वापरली तितके पैसे कापून सूट. एका गृहस्थांनी “थोडी मोठीच घ्या, राहू द्या” असा सल्ला दिला. हे शाळेचा गणवेश घेतानाही असंच सांगतात. या सगळ्यात जुन्या बॅटरीवरचा नंबर कोणीही पाहिला नाही. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी एवढी माजली होती की पाहायची इच्छाही होत नव्हती.

मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, “कुठली?”

“पेट्रोल गाडी आहे. छोटी.”

“38B20. एल की आर?”

मला वाटलं लार्ज आणि रेग्युलर. जपानी पद्धतीचा तो नंबर असतो: 38 हा ताकदीचा आकडा, B म्हणजे रुंदी-उंचीचा गट, 20 म्हणजे साधारण 20 सेंटिमीटर लांबी. गंमत म्हणजे नावात 38 असून अँपिअर-अवर, म्हणजे वीज साठवायची क्षमता, 35च. मधले तीन कुठे गेले हे विचारायचं धैर्य झालं नाही. मी रुबाबात म्हणालो, “आर.” मोठी कशाला, रेग्युलर बरी.

जुनी आणलेली नव्हती. “नंतर आणा, तिचे शिशाचे पैसे वजा करतो,” तो म्हणाला.

घरी काकांनी पाना हाती घेतला. आधी काळी वायर, मग लाल. गाडीची अख्खी बॉडी म्हणजे निगेटिव्ह. उलटं केलंत आणि लालवरचा पाना पत्र्याला टेकला की दिवाळी. नवी बॅटरी खणात अलगद बसली. लाल वायर टर्मिनलकडे नेली तर ती चार बोटं आधीच थांबली. ओढली. नाही. बॅटरी उलटी फिरवून ठेवली, तर बैठकीचा पट्टा बसेना.

काका दोन्ही बॅटऱ्यांसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ मौनात गेले.

“अहो, ही उजव्या सोंडेची आहे,” ते शेवटी म्हणाले. “तुमची डाव्या सोंडेची.”

एल आणि आर म्हणजे टर्मिनल कुठल्या अंगाला, एवढाच अर्थ. सकाळपासून अर्ध्या सोसायटीने घसा कोरडा केला, पण हा एक प्रश्न कोणाच्याही तोंडून निघाला नव्हता. दुकानदाराने विचारला, तर मी त्याला शर्टाचा साईझ सांगितला.

परत नाना पेठ. या वेळी जुनी बॅटरी मांडीवर. रिक्षावाल्याने तिचं वेगळं सीट मागितलं नाही हे त्याचे उपकार. दुकानदाराने आर परत घेतली, कारण ती अजून वापरलेली नव्हती. जुनीचा नंबर वाचून एल दिली आणि हसला नाही. ते जास्त लागलं.

बसवली. आधी लाल, मग काळी, टर्मिनलना व्हॅसलिन. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. मी खाली उतरलोच नाही, बंद करून पुन्हा चालू केली, परत बंद, परत चालू. एवढ्यात फाटकातून बायको आली, हातात लाडवाचा बॉक्स.

“झाली का चालू?”

“एका झटक्यात!”

“मग बंद कर. पेट्रोल जळतंय.”