फूट कंट्रोलर निवडताना सुरुवात ॲम्पपासून का करावी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मिडी फूट कंट्रोलरच्या, म्हणजे गिटारचा ॲम्प आणि इफेक्ट पायाने बदलण्यासाठी मिडी या डिजिटल भाषेत आज्ञा पाठवणाऱ्या स्विच-बोर्डाच्या, निवडीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. लेख न वाचलेल्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. आपल्या मते मी साधा विषय उगाच अवघड केला. नव्या वादकाने ॲम्पचे मॅन्युअल आणि मिडीचे तक्ते चाळत बसण्याऐवजी दहा स्विच आणि दोन पेडल असलेला बेरिंगरचा एफसीबी१०१० सरळ विकत घ्यावा, कारण तो स्वस्त आहे आणि स्विच जितके जास्त तितकी सोय जास्त. मिडी हे १९८३ सालचे तंत्र आता कालबाह्य झाले असून मी यूएसबी किंवा ब्लूटूथची शिफारस करायला हवी होती, हा आपला दुसरा आक्षेप. लग्नाच्या लॉन्सवर आणि गणेशोत्सवात वाजवणाऱ्या नाशिकच्या वादकाला ॲम्पबरोबर मिळणारा साधा फूटस्विच पुरतो, त्यामुळे हा सगळा खटाटोप हौशी मंडळींसाठीच आहे, हा तिसरा. शेवटी आपण असेही विचारले आहे की, आपल्याकडे चार चॅनेलचा (म्हणजे चार वेगवेगळ्या मूळ आवाजांचा) मार्शल जेव्हीएम ॲम्प आहे आणि एका मित्राकडून जुना एफसीबी१०१० मिळतो आहे, तर तो घ्यावा का.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो खरा असेल तर बाकीच्या दोन्हींवर बोलण्याची गरजच उरत नाही. घरी किंवा तालमीत वाजवणारा वादक गाणे थांबवू शकतो, वाकून नॉब फिरवू शकतो, पुन्हा सुरुवात करू शकतो. ऑर्केस्ट्रातील वादकाला यातले काहीच शक्य नसते. एकाच मेडलीत मुखड्याला स्वच्छ आवाजातील अर्पेजिओ (सुट्या सुरांत वाजवलेला कॉर्ड), मधल्या संगीताच्या तुकड्यात हलका क्रंच (किंचित खरखरीत आवाज) आणि सोलोला डिलेसह (प्रतिध्वनीसह) भरदार डिस्टॉर्शन अशी मागणी असते, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना निवेदकही मध्ये बोलत नाही. अशा वेळी ॲम्पचा चॅनेल बदलणे, डिले सुरू करणे आणि रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) कमी करणे ही तीन कामे एकाच मात्रेत करावी लागतात. १२०च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. तेवढ्यात तीन वेगवेगळे स्विच अचूक दाबणे कठीण आहे, आणि त्या प्रयत्नात वादकाचे लक्ष हातांवरून पायांकडे जाते. मिडी कंट्रोलरचा एक स्विच हे तिन्ही संदेश एकदम पाठवतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, या साधनाची गरज हौशी वादकापेक्षा व्यावसायिक वादकाला अधिक आहे. साईखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर वाजवणाऱ्याला तर ती आहेच, पण गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्सवर साउंडचेकसाठी जेमतेम दहा मिनिटे मिळणाऱ्याला ती त्याहूनही जास्त आहे. ज्याला रात्रभर फक्त क्लीन आणि लीड असे दोनच आवाज लागतात, त्याने मात्र ॲम्पबरोबर आलेला फूटस्विच खुशाल वापरावा. त्याला कंट्रोलर घे असे मी लेखातही म्हटलेले नाही.

आता पहिला आक्षेप, जो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. फूट कंट्रोलर स्वतः कोणताही आवाज निर्माण करत नाही, तो केवळ आज्ञा पाठवतो. ती आज्ञा समजून घेण्याची सोय ॲम्पमध्ये कितपत आहे, यावर कंट्रोलरची सगळी उपयुक्तता ठरते. म्हणून मी खरेदीचा विचार ॲम्पच्या मागच्या बाजूपासून सुरू करायला सांगतो. तिथे पाच पिनांचे गोल सॉकेट असून त्यावर ‘मिडी इन’ असे लिहिलेले असेल, तर पुढचा प्रश्न हा की ॲम्प केवळ प्रोग्रॅम चेंज ओळखतो, की कंट्रोल चेंजही. प्रोग्रॅम चेंज म्हणजे साठवलेला अमुक क्रमांकाचा आवाज लावण्याची आज्ञा. कंट्रोल चेंज म्हणजे एखादा इफेक्ट चालू किंवा बंद करण्याची, अथवा एखादा नॉब ० ते १२७ यांमधील अमुक स्थानावर नेण्याची आज्ञा. ह्यूजेस अँड केटनरच्या ग्रँडमाइस्टरसारखा ॲम्प गेन (आवाजाचा खरखरीतपणा ठरवणारा नॉब) आणि टोनच्या नॉबची स्थितीही प्रीसेटमध्ये, म्हणजे साठवलेल्या आवाजात, जपून ठेवतो. त्याउलट अनेक पारंपरिक ट्यूब ॲम्पमध्ये मिडीद्वारे फक्त चॅनेल, लूप (बाहेरचे इफेक्ट जोडण्याचा मार्ग) आणि रिव्हर्ब यांचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, एवढेच बदलतात, नॉब जिथल्या तिथे राहतात. या दुसऱ्या प्रकारच्या ॲम्पसाठी कितीही महागडा कंट्रोलर आणला, तरी तो गेनचा नॉब फिरवू शकणार नाही.

ज्या ॲम्पवर मिडीचे सॉकेटच नाही, फक्त फूटस्विचचा जॅक आहे, तिथे अडचण वेगळी असते. त्या जॅकला दोन तारा जोडल्या किंवा तोडल्याचेच समजते, मिडीचा संदेश त्याच्या कामाचा नाही. मग मिडीचा संदेश घेऊन रिले हलवणारा एखादा स्विचर मध्ये लागतो, किंवा कंट्रोलरलाच रिलेचे आउटपुट असावे लागते. एफसीबी१०१०ला असे दोन आउटपुट आहेत, ही त्या बोर्डाची फारशी कोणी न सांगितलेली जमेची बाजू आहे. पण इथेही ॲम्पला स्विच दाबून धरल्यासारखा कायम संपर्क हवा आहे की क्षणभराचा, हे आधी तपासावे लागते. काही ॲम्पच्या फूटस्विचमधील दिवाही त्याच तारांवर चालतो, त्यामुळे अंदाजाने जोडणी करणे योग्य नाही. आणखी एक गोष्ट अशी की, काही कंपन्यांच्या ॲम्पवर संगणकाच्या नेटवर्क केबलसारखे किंवा साध्या जॅकसारखे दिसणारे सॉकेट असते, पण त्यातून त्या कंपनीची स्वतःची सांकेतिक भाषा जाते. तिथे त्याच कंपनीचा बोर्ड लागतो. नाशिकमध्ये अशी उपकरणे दुकानात हाताळून पाहायला क्वचितच मिळतात, ती बहुधा मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावी लागतात आणि परत पाठवण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. म्हणूनच मॅन्युअलमधील ते एक पान खरेदीपूर्वी वाचण्याचा आग्रह मी सोडणार नाही. नव्या वादकाला घाबरवण्याचा त्यात हेतू नाही. त्याच्या मर्यादित पैशांत त्याला उपयोगी पडेल अशीच वस्तू यावी, एवढीच इच्छा आहे.

‘स्विच जास्त, तितकी सोय जास्त’ हे आपले वाक्य मला अर्धेच पटते. एफसीबी१०१० दोन फुटांहून रुंद आहे. प्रशस्त रंगमंचावर ते चालते, पण मंडपातील लहान स्टेजवर मॉनिटर, माइक स्टँड आणि ढोलकीवाल्याची बैठक यांच्यामध्ये तेवढी जागा निघतेच असे नाही. त्याचे मूळ फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) प्रीसेट निवडण्याभोवती रचलेले आहे: दहा बँका, म्हणजे गट, आणि प्रत्येक बँकेत दहा प्रीसेट. एकेक इफेक्ट स्वतंत्रपणे चालू-बंद करून त्याची स्थिती दिव्यावर पाहायची असेल, तर ते फर्मवेअर अपुरे वाटते आणि म्हणूनच बरेच वादक त्यातील चिप बदलून ‘युनो’ नावाचे पर्यायी फर्मवेअर बसवतात. संगणकाशिवाय त्याचे प्रोग्रॅमिंग पायाने, एकेक टप्पा पार करत करावे लागते आणि त्यासाठी चिकाटी लागते. सिंगापूरच्या मॉर्निंगस्टारचे सहा-आठ स्विचचे बोर्ड आकाराने लहान आहेत, त्यांच्या पडद्यावर प्रत्येक स्विचचे नाव दिसते आणि एकाच स्विचला दाबणे, दाबून धरणे, दोनदा दाबणे अशी वेगवेगळी कामे देता येतात. मात्र त्यांची किंमत कितीतरी जास्त आहे आणि त्यांना ९ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. एफसीबी१०१०मध्ये वीजपुरवठा आतच असल्यामुळे ॲडॉप्टर घरी विसरण्याचा प्रश्न येत नाही. ज्याला बेतलेल्या क्रमाने गाणी वाजवायची आहेत, त्याच्यासाठी तो आजही उत्तम बोर्ड आहे. ज्याला वाजवता वाजवता एकेक इफेक्ट जोडायचा किंवा काढायचा आहे, त्याच्यासाठी नाही.

एक्स्प्रेशन पेडलविषयी (पायाने पुढे-मागे झुकवून एखादी पातळी हळूहळू बदलण्याचे पेडल) आपण काही लिहिलेले नाही, तरी दोन वाक्ये लिहितो. पेडल बोर्डात अंगभूत असेल तर प्रश्न मिटतो. बाहेरून जोडायचे असेल, तर त्याच्या जॅकच्या टिप (टोक) आणि रिंग (मधली कडी) यांची जोडणी वेगवेगळ्या कंपन्यांत उलटसुलट असते, आणि जोडणी जुळली नाही तर पेडल शेवटच्या थोड्या अंतरातच अचानक काम करते किंवा मुळीच करत नाही.

आता मिडीच्या वयाविषयी. हे मानक १९८३ सालचे आहे हे खरे, आणि त्याचा वेगही सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच आहे. पण या कामासाठी तो पुरेसा आहे की नाही, हे वयावरून ठरवण्याऐवजी हिशेबाने ठरवता येते. प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे एक बाइट ०.३२ मिलिसेकंदांत जातो. प्रोग्रॅम चेंज दोन बाइटचा असतो आणि कंट्रोल चेंज तीन बाइटचा. एफसीबी१०१० एका स्विचवर पाच प्रोग्रॅम चेंज आणि दोन कंट्रोल चेंज पाठवू शकतो, म्हणजे १६ बाइट, आणि त्यांना लागतात सुमारे ५ मिलिसेकंद. ॲम्पपासून पावणेदोन मीटरवर उभे राहिले, तर आवाज कानापर्यंत यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आवाज बदलताना जो खंड कधी कधी जाणवतो, तो डिजिटल प्रोसेसर नवा प्रीसेट लावायला घेत असलेल्या वेळामुळे असतो. त्याचा दोष केबलला देणे बरोबर नाही.

यूएसबीच्या बाबतीत मुख्य अडचण अशी की, ॲम्पवरील यूएसबी सॉकेट बहुतेक वेळा संगणकाला जोडण्यासाठी दिलेले असते, आणि कंट्रोलरवरीलही तसेच. अशी दोन उपकरणे एकमेकांना थेट जोडली तर ती बोलत नाहीत, मध्ये संगणक किंवा यूएसबी होस्ट (संगणकाची भूमिका करणारे उपकरण) लागतो. दुसरी अडचण लॉन्सवरच्या वीजजोडणीची आहे. ॲम्प एका फेजवर, लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर आणि सगळे जनरेटरवर अशी परिस्थिती आपण अनेकदा अनुभवली असेल. यूएसबी केबल दोन्ही उपकरणांचे ग्राउंड जोडते आणि त्यातून ग्राउंड लूपची घरघर ॲम्पमध्ये शिरू शकते. पाच पिनांच्या मिडीत घेणाऱ्या बाजूला ऑप्टो-आयसोलेटर असतो, संदेश प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे राहतात. ज्यांनी हे मानक रचले त्यांनी रंगमंचाचा विचार केला होता, असे मला वाटते, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. ब्लूटूथ मिडीचे मानकही आता आहे आणि घरी टॅबलेटवरील ॲप चालवण्यासाठी ते सोयीचे आहे. पण ते वायफाय आणि अनेक वायरलेस गिटार सिस्टिमच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. शेकडो मोबाइल असलेल्या कार्यक्रमात मी माझा चॅनेल बदलण्याचे काम त्याच्यावर सोपवणार नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. जेव्हीएमला मिडी इन आणि थ्रू (आलेला संदेश तसाच पुढे पाठवणारे) ही दोन्ही सॉकेट आहेत, आणि त्याचे चार चॅनेल व प्रत्येकाचे तीन मोड मिळून बारा आवाज होतात. त्यांबरोबर रिव्हर्ब, लूप आणि दोन मास्टर व्हॉल्यूमपैकी कोणता लागावा हेही प्रत्येक प्रोग्रॅम क्रमांकाखाली साठवता येते. हवा तो आवाज ॲम्पवर लावायचा, ॲम्पवरील फूटस्विच-मिडी प्रोग्रॅमचे बटण दाबायचे आणि कंट्रोलरवरून प्रोग्रॅम चेंज पाठवायचा. या ॲम्पला प्रीसेट निवडणाराच बोर्ड हवा आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत एफसीबी१०१० ही निवड योग्य आहे, बोर्ड सुस्थितीत असला तर जरूर घ्या. थ्रू सॉकेटमधून तेच संदेश मिडी असलेल्या डिलेपर्यंत नेता येतील. फक्त ॲम्प आणि डिले यांना वेगवेगळे मिडी चॅनेल (संदेश कोणासाठी आहे हे सांगणारे क्रमांक, ॲम्पच्या आवाजाचे चॅनेल नव्हे) द्या, आणि आकड्यांत एकाचा फरक दिसला तर गोंधळू नका, कारण काही उपकरणे प्रोग्रॅम ० ते १२७ असे मोजतात आणि काही १ ते १२८ असे.

पैसे देण्यापूर्वी तो बोर्ड यूएसबी-मिडी इंटरफेसद्वारे संगणकाला जोडा, संदेश दाखवणारा एखादा मोफत मिडी मॉनिटर सुरू करा आणि दहाही स्विच एकेक करून दाबा. एका दाबाला संदेश दोनदा उमटत असेल, तर तो स्विच झिजला आहे. दोन्ही पेडल टाचेपासून चवड्यापर्यंत सावकाश न्या आणि आकडा ० पासून १२७ पर्यंत सलग चढतो का ते पाहा. मध्येच उड्या मारत असेल तर आधी कॅलिब्रेशन करून पाहा, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर दुरुस्तीचा खर्च धरून किंमत ठरवा. केबल मात्र नवीन आणि मिडीसाठीच बनवलेली घ्या, १५ मीटरपेक्षा लांब नको. जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची केबल दिसायला तशीच असली, तरी तिच्या आतील तारांची जोडणी वेगळी असू शकते.