तुरट लागली म्हणून वाइन खराब का? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, (साठी ओलांडली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय) तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी फ्रान्समधल्या बोर्दोच्या ओ-मेदोक भागातल्या 2016 सालच्या (म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांच्या) एका रेड वाइनबद्दल लिहिलं होतं, द्राक्षांच्या जातींत कॅबर्ने सोव्हिन्यॉन जास्त, मग मर्लो, अगदी थोडी पेती व्हर्दो, आणि शेवटी म्हटलं होतं की अजून आठ-दहा वर्षं ठेवा. त्यावर काकांचं म्हणणं असं, की मुलीने लंडनहून आणलेल्या तशाच दोन बाटल्यांपैकी एक त्यांनी तांबड्या रश्श्याबरोबर उघडली तर तोंड नुसतं तुरट-कडू झालं, जी आज चांगली नाही ती दहा वर्षांनी कशी होईल, खराब कैरी मुरवली म्हणून लोणचं चांगलं होतं का, आणि हे 'ठेवा ठेवा' सगळं महागड्या बाटल्या खपवायला काढलंय. शिवाय पुण्याच्या उन्हाळ्यात ठेवायची कुठे?

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तिथे चूक माझीच आहे. कुठे ठेवायची हे न सांगता 'ठेवा' लिहायला नको होतं, ती ओळ मी आज बदलली. आम्ही दोघं 2019 ला बोर्दोहून चार बाटल्या आणल्या होत्या, ड्यूटी न भरता माणशी दोन लिटरच आणता येत होती म्हणून चारच. तीन छोट्या वाइन फ्रिजमध्ये 13 डिग्रीला गेल्या आणि चौथी जागा नाही म्हणून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. दोन उन्हाळे तिथेच. 2021 च्या जूनमध्ये काढली तेव्हा बूच तोंडाच्या वर किंचित सरकलेलं, त्याच्या कडेने वाळलेला जांभळट ओघळ, आणि ग्लासात ओतली तर फळाचा ताजेपणा गेलेला, करपत आलेल्या मुरांब्यासारखा वास. फ्रिजमधली तीच वाइन, तेच साल, अजून ठणठणीत. तेव्हा ज्यांच्याकडे थंड, अंधारी, तापमान वर-खाली न होणारी जागा नाही त्यांनी वर्षानुवर्षं ठेवूच नये, आणून प्यावी, यात कमीपणा काही नाही. आणि खरं तर जगातली बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच केलेली असते, बोर्दोचीसुद्धा बरीचशी.

पण तुरट म्हणजे खराब हे मात्र मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे तुरट ही सहा रसांपैकी एक आहे, सुपारी, हिरडा, कच्चं केळं, जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. वाइनमध्ये हे टॅनिनमुळे होतं, ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, थोडं ओक लाकडाच्या पिंपातून. कॅबर्नेचं द्राक्ष बारीक, साल जाड, त्यामुळे गराच्या मानाने साल-बिया जास्त आणि टॅनिन भरपूर. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या कोरड्या पडतात. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही जड होऊन खाली बसतात (जुन्या बाटलीत गाळ असतो तो हाच), रंग जांभळ्यावरून विटकरीकडे जातो आणि तोंडातला तो खरखरीतपणा मऊ होतो.

आता तुमची कैरी. लोणच्याला कैरी करकरीत लागते, गाभुळलेली घेतली की चार महिन्यांत लगदा. तरुण कॅबर्नेचा तुरटपणा हा करकरीतपणा आहे, फक्त त्याच्याबरोबर फळ आणि आंबटपणा पण हवा, नाहीतर मुरायला आत काही नाहीच. इथे मी तुमच्या बाजूने एक खरं उदाहरण देते. बोर्दोचं 1975 चं साल, टॅनिन इतकं कडक की लोक म्हणाले थांबा, थांबा, आणि कितीतरी बाटल्यांमध्ये टॅनिन मऊ व्हायच्या आधी फळच सुकून गेलं. उलट 1982, तरुणपणीच इतकी गोलसर आणि रसाळ होती की काहींना वाटलं ही टिकणार नाही, अमेरिकन वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर मात्र ठामपणे तिच्या बाजूने उभा राहिला आणि त्या सालातल्या चांगल्या वाइन्स दशकं टिकल्या. म्हणजे नुसता तुरटपणा बघून 'ठेवा' म्हणणारा चुकतो आणि नुसता तुरटपणा बघून 'खराब' म्हणणाराही.

मग मी माझ्या बाटलीला आठ-दहा वर्षं कशावरून दिली? ग्लासात कडेपर्यंत रंग गडद होता, नऊ वर्षांची असूनही विटकरी छटा अगदी काठाला जेमतेम. वास पहिल्यांदा बंद, अर्ध्या तासाने करवंद आणि जांभूळ (पुस्तकी भाषेत ब्लॅककरंट म्हणतात पण मला करवंदच आठवतं), मागे शिसपेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा लाकडाचा वास. ढोबळी मिरचीचा हिरवट वास नव्हता, हे मी मुद्दाम बघते कारण तो कमी पिकलेल्या कॅबर्नेत असतो आणि ठेवून ठेवून जात नाही. घोट गिळल्यावर हिरड्या आवळल्या, पण पाचेक सेकंदात लाळ परत सुटली आणि करवंद तोंडात राहिलं, बराच वेळ. अर्धी बाटली बूच लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्यायलो तर ती पहिल्या दिवसापेक्षा छान होती, नवरा म्हणाला ही वेगळीच बाटली आहे का. दुसऱ्या दिवशी जी वाइन कोलमडते तिच्यासाठी मी थांबत नाही.

मर्लो कशाला घालतात असंही विचारलंत. बोर्दोला समुद्र जवळ, वसंतात कधी दंव गोठतं (2017 च्या एप्रिलमध्ये केवढं नुकसान झालं), ऐन तोडणीच्या वेळी पाऊस. मर्लो लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा, एकीचं बिनसलं तर दुसरी असते. शिवाय कॅबर्नेला कडा असतात पण मधे पोकळी वाटते, ती मर्लो मांसल करते.

धंद्याबद्दल बोललात ते अर्धं खरं आहे, तिकडे वाइन पिंपात असतानाच पुढच्या वसंतात विकायला काढतात, तेव्हा 'ठेवा' म्हणण्यात विकणाऱ्याचा फायदा आहेच. पण मी कुणाची बाटली विकत नाही काका.

आणि तांबडा रस्सा! तिखटाने टॅनिन आणखी टोचतं आणि अल्कोहोल जाळतं, त्यात वाइन खोलीच्या तापमानाला, म्हणजे पुण्यात 32 डिग्री असणार, तिकडच्या जुन्या घरांतली खोली 17-18 ची असायची. मी तीच वाइन पांढऱ्या रश्श्यातल्या मटणाबरोबर घेऊन बघितली, नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आणि मटणाची चरबी यांनी तुरटपणा एकदम निवला.

तुमची दुसरी बाटली कपाटावर असेल तर आजच काढा आणि फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, काही महिने तिला काही होत नाही. पावसाळा लागला की उघडा. आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ असलाच तर खाली बसेल, तासभर आधी काचेच्या जगमध्ये हळूहळू ओता, तळाचं दोन बोटं तसंच राहू द्या. बरोबर मटण, पण तिखट हात आखडून. आणि थोडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, ती कशी लागली ते मला नक्की कळवा.