म्हणे अंगावरची चरबी दुधात उतरते! गाभण गायीच्या त्या मेसेजचा समाचार

गोठेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा: "गाय व्यायला दोन महिने राहिले की खुराक डबल करा, अंगावर चढलेली चरबी व्याल्यावर दुधात उतरते. लिव्हरवर चरबी येते ती पेंडीतल्या तेलामुळं. लिव्हर टॉनिक पाजलं की चरबी वितळते. वरून गूळ-तेल द्या. डेअरीत फॅट वाढली की समजा गाय खणखणीत. आणि हा आजार फक्त एचएफलाच (होल्स्टिन फ्रिजियन जातीच्या गायीलाच) होतो." एवढ्या छोट्या मेसेजात एवढ्या चुका कोंबायलाही डोकं लागतं राव. विषय आहे व्याल्यावर गायीच्या लिव्हरवर चरबी साठण्याचा, म्हणजे फॅटी लिव्हर आणि त्याच्या जोडीनं येणाऱ्या कीटोसिसचा. एकेक घेऊ.

"चरबी दुधात उतरते"

हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. व्याल्यावर अंगावरची चरबी सुटते, रक्तात येते, त्यातली काही कासेत जाऊन दुधाची फॅट होते, इथपर्यंत बरोबर. पण दुधाचे लिटर फॅटवर ठरत नाहीत, दुधातल्या साखरेवर ठरतात, कारण ती साखरच कासेत पाणी ओढते, आणि ती साखर बनते ग्लुकोजपासून. 1 लिटर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे 20 लिटरच्या गायीला रोज 1 किलो 400 ग्रॅम फक्त दुधासाठी. आणि गायीला खाण्यातून तयार ग्लुकोज जवळपास मिळतच नाही, पोटातले जंतू दाणा-वैरण आंबवतात, त्यातून प्रोपियोनेट नावाचं आम्ल निघतं आणि त्याचं ग्लुकोज लिव्हर बनवतं. चरबीतल्या फॅटी ॲसिडपासून ग्लुकोज बनत नाही. गाय कितीही लठ्ठ असू द्या, नाहीच बनत.

आता टायमिंग बघा. व्यायच्या आधीच्या शेवटच्या तीनेक आठवड्यांत गायीचं खाणं साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं. व्याल्यावर दूध महिन्या-दीड महिन्यात टोकाला जातं पण भूक पूर्ण यायला अडीच-तीन महिने लागतात. या मधल्या खड्ड्यात शरीर चरबी सोडणारच, प्रत्येक गायीत थोडीफार सुटते, त्यात आजार काही नाही. पण जी गाय आधीच गुबगुबीत, तिची भूक व्याल्यावर जास्त मरते आणि चरबीही जास्त सुटते. त्यातली बरीच येऊन पडते लिव्हरवर. लिव्हर थोडी जाळतं, थोडीचे कीटोन (चरबी अर्धवट जळून होणारे पदार्थ) होतात, उरलेली बाहेर पाठवायची तर गायीचं लिव्हर त्या कामात मुळातच स्लो, मग ती तिथंच साठते. साठली की ग्लुकोज बनवायचं काम ढेपाळतं, ग्लुकोज कमी पडलं की आणखी चरबी सुटते. हे चक्र एकदा सुरू झालं की जार अडकणं, मस्टायटिस (कासेची सूज), चौथं पोट जागेवरून सरकणं, माजावर उशिरा येणं, एकामागून एक रांग लागते.

मेसेजवाल्याला हे कळलेलंच नाही की गाय लठ्ठ होते ती बऱ्याचदा आटवायच्या (दूध बंद करायच्या) आधीच. तीन-चार वेळा भरवून उलटलेली गाय, उशिरा गाभण राहिलेली, दूध 5 लिटरवर आलंय पण पेंडीचं माप मात्र 15 लिटरच्या वेळचंच. खुराक तिथं कमी करायचा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगा असतो, त्यात हात घालून बघा, खळगा पूर्ण भरून मऊ गादी लागली आणि बरगड्या दाबूनही लागत नसतील तर गाय जास्त झालीय. अंगाच्या 1 ते 5 च्या मापात (1 म्हणजे हाडकुळी, 5 म्हणजे लठ्ठ) व्यायच्या वेळी 3 ते साडेतीन असावी, 4 च्या पुढं धोका.

आणि हे वाचून कोणी लगेच भाकड (दूध आटवलेल्या गाभण) गायीचा खुराक तोडू नका! गाभण लठ्ठ गायीला उपाशी ठेवलं की तिची चरबी व्यायच्या आधीच सुटायला लागते, म्हणजे आजार आपणच आणला. भाकड काळात पोटभर कडबा, वाळली वैरण, मिनरल मिक्श्चर आणि बेताचा खुराक, शेवटच्या 3 आठवड्यांत व्याल्यावर जी पेंड देणार तीच थोडी थोडी वाढवत न्यायची म्हणजे पोटातल्या जंतूंना सवय होते. मेसेजातल्या "खुराक वाढवा"मध्ये खरं एवढंच आहे. डबल नाही, आणि दोन महिने तर नाहीच.

"पेंडीतल्या तेलामुळं होतं"

नाही. लिव्हरवरची ही चरबी गायीच्या स्वतःच्या अंगातून आलेली असते. चार दिवस काहीच न खाल्लेल्या गायीच्या लिव्हरवरही चरबी चढते, तिनं कुठलं तेल खाल्लं? पुढचा मुद्दा.

"टॉनिकनं चरबी वितळते"

टॉनिक विकणाऱ्यांवर माझा राग नाही, भूक थोडी सुधारत असेलही, पण नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार आहे. चरबी येणं थांबत नाही तोवर लिव्हर मोकळं होत नाही, आणि येणं थांबलं, गाय खायला लागली, की ते बरंचसं आपोआप मोकळं होतं. बऱ्याच बाटल्यांवर कोलीन लिहिलेलं असतं. कोलीन (लिव्हरमधली चरबी बाहेर पाठवायला लागणारं पोषक) कामाचं आहे हे खरं, पण साधं कोलीन पोटातले जंतूच फस्त करतात, बायपास केलेलं (जंतूंपासून वाचवायला आवरण चढवलेलं) असेल तरच पुढं पोचतं आणि तेही व्यायच्या आधीपासून द्यावं लागतं.

खरा इलाज डॉक्टर करतात तोच, शिरेतून डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) आणि जोडीला तोंडानं प्रोपिलीन ग्लायकॉल (ज्याचं लिव्हर ग्लुकोज बनवतं), साधारण 300 मिली रोज, तीन ते पाच दिवस. नुसती सलाईन लावली तर काही तासांत साखर परत खाली येते, म्हणून "एक बाटली लावली, बरी झाली" म्हणून सोडून देऊ नका. आणि पाजताना जीभ ओढून, मान आभाळाकडं करून ओतू नका प्लीज, ठसका लागून औषध फुप्फुसात गेलं की मूळ आजार राहतो बाजूला, गाय न्यूमोनियानंच जाते.

"गूळ-तेल द्या"

गूळ आधी पोटातल्या जंतूंच्या तोंडी लागतो, रक्तात साखर म्हणून चढत नाही. मूठभर गुळानं काही बिघडत नाही, पण दोन-दोन किलो एकदम कालवून दिला तर ॲसिडोसिस (पोटात आम्ल वाढणं) होऊन गाय उरलंसुरलं खाणंही सोडते. तेलाचं तर विचारूच नका, जिच्या लिव्हरमध्ये आधीच चरबी मावत नाही तिला वरून तेल! त्यातून ग्लुकोज मिळत नाही ते नाहीच, वर वैरण पचवणारे जंतू दबतात. आजीच्या काळात चालायचं हे मान्य, पण आजीची गाय दोन्ही वेळचं मिळून 4 लिटर द्यायची.

"फॅट वाढली म्हणजे गाय खणखणीत"

याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. गायीच्या दुधाचा भाव 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरून असतो, त्यामुळं स्लिपवर फॅट वाढलेली दिसली की माणूस खूश होतो, साहजिकच आहे. पण नुकत्याच व्यालेल्या गायीची, चीक संपल्यावर, फॅट 5 च्या पुढं गेलीय, एसएनएफ मात्र खाली घसरलाय आणि दूध वाढायचं सोडून थांबलंय, तर ती फॅट खाण्यातून आलेली नाही, तिच्या अंगावरून झडतेय. फॅट प्रोटीनच्या दीडपट झाली की कान टवकारा. सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये जातं म्हणून एका गायीचं कळत नाही, तेव्हा नव्या व्यालेलीचं सॅम्पल वेगळं न्या. घरच्या घरी ओळखायचं तर गाय आधी पेंड सोडते आणि कडबा चघळत राहते, शेण घट्ट पडतं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडूस वास येतो (सगळ्यांना येत नाही हा वास, घरात कोणाला तरी हमखास येतो). खात्री करायची तर लघवीची कीटोन पट्टी मेडिकलमध्ये मिळते, किंवा डॉक्टर रोथेरा टेस्टची (कीटोन ओळखायची) पावडर टाकतात, जांभळी झाली की समजायचं.

"फक्त एचएफलाच होतो"

एचएफ आणि जास्त दुधाच्या संकरित गायींत जास्त होतो, हो. म्हशींनाही होतो. आणि शेळ्या-मेंढ्यांत तर व्यायच्या आधीच होतो, पोटात दोन-तीन पिल्लं असली की शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पिल्लं साखर ओढतात आणि पोटात वैरणीला जागा उरत नाही. उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, तिच्यात जुळी नेहमीचीच. गाभण शेळी कळपातून मागं राहते, खात नाही, दात खाते, डोळ्याला दिसेनासं झाल्यासारखी धडपडते, तर "कळा येत असतील" म्हणून दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. एकदा आडवी पडली की बहुतेक वेळा शेळी आणि पिल्लं दोन्ही हातची जातात.