आधी ओळख काढा, मग टँक पाहा

दिवाळीची सुट्टी लागली की धुळे-जळगावकडच्या गाड्या मनमाड, येवला, कोपरगाव करत शिर्डीला लागतात. दर्शन होतं, दुसऱ्या दिवशी शनिशिंगणापूर होतं, आणि मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतं, "एवढे आलोच आहोत तर नगरचा तो टँक पाहून घेऊ ना भो." नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण टँक जागेवरच आहे, आणि तो एक नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 साली उभारलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या उभ्या आहेत. सत्यनारायणाला कसं बसावं हे सांगायला गुरुजी असतात, लग्नात कुठे उभं राहावं हे सांगायला मामा असतात. फौजेच्या आवारात कसं वागावं हे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. ती उणीव इथे भरून काढतो.

सगळ्यात आधी, हे लष्कराचं चालतं-बोलतं ठाणं आहे ही गोष्ट डोक्यातून काढून टाका. आसपास जवानांचं प्रशिक्षण चालतं, पलीकडच्या रस्त्याने हिरव्या गाड्या जातात, पहाऱ्यावरचा माणूस खराखुरा पहारा देत असतो. हे सगळं आपल्या सहलीसाठी लावलेलं नेपथ्य आहे असं समजून चाला. तुम्ही तिकीट काढणार म्हणजे देश तुमचाच.

गेटवर ओळखपत्र मागतात. म्हणून निघताना आधार कार्डं घरीच ठेवावीत, शक्यतो देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली मोठ्या काकूंकडे. नऊ माणसांत तीन कार्डं निघाली की उरलेल्या सहांसाठी खरी पूंजी बाहेर काढायची: ओळख. ओळख लागते ती ओळखपत्र नसलेल्याला. खान्देशात एकही घर असं नाही, ज्याचा कोणीतरी फौजेत नाही. मेहुण्याचा साडू असतो, नाहीतर भाच्याच्या वर्गातला पोरगा असतो. तो सध्या लेहला रसदीच्या गाड्या चालवतो आणि त्याच्या चौकीवर नेटवर्क नाही, हा तपशील गौण. त्याला गेटवरूनच फोन लावा. नाही लागला तर पुन्हा लावा, मागची रांग कुठे पळून जात नाही. तोवर गेटवरच्या जवानाला सांगा, "आमचा माणूस मिलिटरीतच आहे." बिचारा स्वतःही मिलिटरीतच आहे, पण ते त्याच्या लक्षात आणून देणारा आजवर कोणी भेटला नसेल.

साडू निष्फळ ठरला तर आमदार. आमदार नाही तर आमदारांचे पीए. पीएंनी फोन उचललाच तर स्पीकरवर टाकून जवानाच्या कानाशी धरा. तो फोन हातात घेणार नाही. मग सोबतच्या मंडळींकडे वळून मोठ्याने म्हणा, "यांना वरून ऑर्डर लागते." एवढं झाल्यावर गाडीत परत जाऊन शोधलंत, तर डॅशबोर्डमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स आणि काकांचं मतदान कार्ड सापडतं. ते आधी शोधायचं नाही. त्यात मजा नाही.

आत गेल्यावर कोणी गणवेशातला माणूस माहिती सांगायला पुढे आला, तर त्याला "हवालदार" म्हणा. रणगाडा दलात अजून घोडदळाचीच पदं चालतात, म्हणजे सवार, दफेदार, रिसालदार. खांद्यावर आणि बाहीवर ती वाचता येतात. पण खांदा वाचायला आपण आलेलो नाही. फार वयस्कर दिसला तर "बाबा" म्हणा आणि त्याच्या हातात मोबाईल देऊन ग्रुप फोटो काढायला लावा. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आडवा फोटो की उभा, हे दोनदा समजावून सांगावं लागतं.

आता प्रत्यक्ष टँक. टँक पाहायचा असतो तो पाठीने. म्हणजे तोंड मोबाईलकडे आणि पाठ टँककडे, या पद्धतीने पन्नास टँक अर्ध्या तासात उरकतात. समोर रोल्स-रॉईसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी दिसली तर "हिची आज किंमत किती येईल?" हा प्रश्न विचारून पुढे सरकावं. इंग्लंडचे, जपानचे, अमेरिकेचे, रशियाचे, असे भेद करत बसू नये. मोठे आणि लहान, एवढं वर्गीकरण पुरतं. पोरांना चेनवरून चढवून तोफेच्या नळीला लोंबकळू द्यावं. कोणी हटकलंच तर आपली अहिराणी कामाला येते: "बसू द्या ना भो, टँकले काय व्हनार शे!" टँकला खरंच काही होत नाही. पोरगं पडलं तर मात्र व्यवस्थेचा निष्काळजीपणा.

तांत्रिक प्रश्न विचारल्याशिवाय सहल पूर्ण होत नाही आणि तो प्रश्न एकच आहे: ॲव्हरेज काय देतो? विजयंतासमोर तो जरूर विचारा. हा भारतात बांधला गेलेला पहिला मुख्य रणगाडा, विकर्सच्या आराखड्यावरून मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यात तयार झालेला, 105 मिलिमीटरची तोफ आणि लेलँडचं इंजिन. लेलँड हा शब्द कानावर पडला की बाकीचं सोडून द्या आणि मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगा, "मंग हाई ते आपली एष्टीच शे!" पीटी-76 हा रशियन रणगाडा पाण्यात तरंगतो असं कळलं, की हतनूर धरणात चालेल का, एवढं विचारून घ्या. अशाच तरंगत्या रणगाड्यांनी नोव्हेंबर 1971 मध्ये, युद्धाची अधिकृत घोषणा व्हायच्या आधीच, पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला शत्रूचे चॅफी रणगाडे अडवून फोडले होते. पण ते फलकावर बारीक अक्षरात असणार, आणि चष्मा गाडीत.

फलकांबद्दल एक गंभीर इशारा. पॅटन रणगाड्याच्या जवळ थांबू नका. थांबलात आणि चुकून खेमकरणची हकिगत वाचलीत, तर सहल बिघडेल. सप्टेंबर 1965. अमेरिकेने दिलेले नव्या दमाचे पॅटन घेऊन पाकिस्तानचं चिलखती दल खेमकरणवरून पंजाबात आत घुसलं होतं. आपल्याकडे डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे होते, 8 कॅव्हलरीचे हलके एएमएक्स होते, आणि बरोबरी करू शकतील असे सेंच्युरियन फक्त 3 कॅव्हलरीकडे. मग असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी झाली, रणगाडे आणि तोफा उभ्या पिकात दडवल्या गेल्या आणि रात्री शेतांत पाणी सोडलं गेलं. सकाळी पॅटन आले ते चिखलात रुतले, वळायला गेले तर बाजू उघड्या पडल्या, आणि उसातून जवळून मारा झाला. अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने एकामागून एक टँक टिपत होते. त्यात ते गेले. परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. नंतर तिथे पकडलेल्या आणि फुटलेल्या रणगाड्यांची एवढी रांग लागली की त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

उभा ऊस, रात्रीची पाळी, पाटाचं पाणी आणि त्यात फसलेलं जड वाहन. गिरणा-पांझरेच्या काठच्या माणसाला ही लढाई नकाशाशिवाय समजते. भरल्या रानात ट्रॅक्टर घालायचा नसतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच ती वाचणं धोक्याचं. वाचलीत तर पोराला समजावून सांगाल, तो चार प्रश्न विचारेल, त्यात पंधरा मिनिटं जातील आणि पन्नासांपैकी सहा टँकसोबतचे फोटो राहून जातील.

दुसरी टाळण्याजोगी हकिगत फामागुस्ताची. 17 पूना हॉर्सचा हा सेंच्युरियन दुरुस्त होऊन नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई. टँकला गोळा लागून आग लागली होती, बाहेर पडण्याचा हुकूम आला होता. आतल्या सेकंड लेफ्टनंटने रेडिओवरून कळवलं की तोफ अजून चालतेय, मी टँक सोडणार नाही. अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय एकवीस. आपल्या घरातला एकवीस वर्षांचा चिरंजीव या वेळी कॉलर वर करून रीलचा तिसरा टेक देत असतो, आणि बॅकग्राउंडला गाणं कोणतं लावायचं यावरून बहिणीशी त्याचं भांडण लागलेलं असतं. दोघांत पडू नका. देशभक्ती त्या गाण्यातच आहे.

रीलवरून आठवलं. मे 2025 मध्ये "फौजेच्या हालचालींचे व्हिडिओ टाकू नका, शत्रू पाहतोय" हा मेसेज तुम्हीच भाऊबंदकीच्या, बॅचच्या आणि केळी बागायतदारांच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. तो नियम तेव्हाचा होता. आता गाडीतून जाताना कुंपणापलीकडे खरा टँक ट्रेलरवर चढताना दिसला, तर काच खाली करा, झूम करा आणि लाइव्ह लोकेशनसकट टाका. शासकीय गुपितांचा कायदा 1923 चा आहे. एवढा जुना सातबाराही आपण आता मानत नाही. फोटो काढू नका अशी पाटी असेल, तर तिच्या शेजारी उभं राहून काढलेला फोटो विशेष चालतो.

वेळ उरला तर भुईकोट किल्ला. तोही लष्कराच्याच ताब्यात. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो घेतला, आणि 1942 पासून नेहरू, पटेल, आझाद तिथे कैदेत होते. ज्याला इंग्रजांनी पकडून आत ठेवलं त्यालाच तो नीट पाहायला मिळाला. आपण खंदकापाशी वेफर्स खाऊन निघावं.

परतीच्या वाटेवर गाडीत एक खंत हमखास व्यक्त होते: "असं काही आपल्या खान्देशात नाही ना." या वाक्याला कोणी हरकत घेऊ नये याची काळजी घ्या. एखादा मास्तर सोबत असला तर तो थाळनेर काढेल. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर फारुकींची जुनी राजधानी. मंदसौरच्या तहाने होळकरांनी खान्देश इंग्रजांना दिला आणि 27 फेब्रुवारी 1818 ला सर थॉमस हिस्लॉपची फौज ताबा घ्यायला थाळनेरला आली. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला होता. दारात गोंधळ उडाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतली तीनशेच्या आसपास माणसं कापली गेली. स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी दिलं. पार लंडनच्या संसदेत याचा जाब विचारला गेला. मास्तर तेवढ्यावर थांबला तर नशीब. नाहीतर तो धरणगावावर येईल, जिथे 1825 मध्ये औट्रम नावाच्या लेफ्टनंटने भिल्लांच्याच पोरांना भरती करून भिल्ल कोअर उभी केली. ज्यांच्याशी इंग्रज सातपुड्यात लढत होते, त्यांच्याच हाती बंदुका देऊन त्यांनाच डोंगरात पाठवलं.

मास्तरला शेवभाजी जास्त वाढा आणि विषय बदला. थाळनेरला जाण्यात काय अर्थ? तिथे गेट नाही. गेट नाही म्हणजे अडवणारा कोणी नाही, आणि कोणी अडवतच नसेल तर ओळख सांगायची कोणाला? शिरपूरला सोयरिकीत जेवणावळी होतात तेव्हा किल्ला हाताच्या अंतरावर असतो, पण आधार कार्डाशिवाय मिळणाऱ्या इतिहासावर आपला विश्वास बसत नाही. आणि तिथल्या पडक्या भिंतीपुढे फोटो काढला तर स्टेटसला लोक विचारतात, "शेतात गेला होता का?"

एक काम राहिलं. म्युझियममधून बाहेर पडताना अभिप्रायाची वही दिसली, तर ती सोडायची नाही. आधीच्या पानांवर कोणी "इथे माझ्या वडिलांचा टँक पाहिला" असं काही लिहिलेलं असेल, ते वाचत बसू नका, सरळ कोरं पान काढा. लिहा: टँक चालू करून दाखवला नाही. मुलांना नळीवर बसू दिलं नाही. ओळख सांगूनही रांगेत उभं केलं. फौजी लोकांनी पर्यटकांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण द्यावं. सही मोठी करा, खाली गाव, तालुका, जिल्हा लिहा, आणि त्याखाली हुद्दा: माजी सदस्य, यात्रा समिती.